पुकाऱ्यानंतरचं एक मिनिट

दसरा झाला की आमच्या घरामागच्या मैदानावर लाउडस्पीकर लागतो. शालेय स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. कबड्डीपासून लांब उडीपर्यंत सगळ्याची घोषणा एकच माणूस करतो, एकाच सुरात, आणि मध्येच "बूट चोरीला गेलेत, ज्यांनी नेले त्यांनी आणून द्यावेत" हेही त्याच सुरात सांगतो. मी घरून काम करते. खिडकी लावून घेते, कानाला हेडफोन लावते आणि पुण्यातल्या माणसांच्या मीटिंगमध्ये बसते. ते बोलतात, मी टाइप करते.

यंदा एका सकाळी मीटिंग चालू असताना हेडफोनच्या बाहेरून आवाज आत आला. "निळा कोपरा, तिसरा आणि शेवटचा पुकारा." मागोमाग घंटा. मी नेहमीप्रमाणे म्यूटवर होते, तरी श्वास धरला आणि मनात मोजायला लागले. साठला पोचले आणि दुसरी घंटा वाजली. घंटेचं काम सोडून सहा वर्षं झाली, तरी माझा अंदाज चुकला नव्हता. त्याचं मला काही बरं वाटलं नाही.

बॉक्सिंगचा एक नियम आहे. समोरचा खेळाडू आला नाही तरी हजर असलेल्याला रिंगमध्ये चढावं लागतं. हातात ग्लोव्ह्ज, डोक्याला हेडगार्ड, दातांत गार्ड, सगळा साज करून. मग न आलेल्याच्या नावाचा तीनदा पुकारा होतो. तिसऱ्या पुकाऱ्यानंतर घंटा वाजते आणि एक मिनिट थांबायचं असतं. त्या मिनिटात तो आला तर लढत. नाही आला तर पुन्हा घंटा, आणि पंच हजर असलेल्याचा हात धरून वर करतात. वॉकओव्हर.

माझी मैत्रीण राजश्री नववीपासून बारावीपर्यंत मुलींच्या सगळ्यात वरच्या वजनगटात जिल्ह्याची विजेती होती. चार वर्षांत चार सुवर्णपदकं. एकदाही हरली नाही. एकदाही लढली नाही. तिची अख्खी कारकीर्द अशा एकेका मिनिटाची होती, आणि त्यातली शेवटची दोन वर्षं ते मिनिट मोजायला टेबलामागं मी बसले होते.

समोर कुणी का येत नसे, याला आमच्याकडं साधं कारण होतं. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं. ज्या मुलीच्या अंगात बळ आहे ती त्या दिवसांत रानात वाकलेली असते. शाळेकडून स्पर्धेला येतात त्या माझ्यासारख्या, ज्यांचा रानात फारसा उपयोग नसतो. चाळीस-पंचेचाळीस किलोच्या गटात म्हणून गर्दी असायची. दुसरं कारण कुणी मोठ्यानं सांगत नसे. वजन सगळ्यांसमोर काट्यावर होतं आणि सर तो आकडा ओरडून सांगतात. वयात आलेल्या मुलीचं वजन असं चारचौघांत ओरडलेलं कुठल्या आईला चालणार? राजश्रीला मात्र त्याचं काही नव्हतं. काट्यावर उभी राहून ती स्वतःच सांगायची, "लिव्हा सर, चौऱ्याऐंशी. सकाळी खाल्लं न्हाय म्हणून. न्हायतर पंच्याऐंशी भरलं असतं."

तिची माझी गाठ अकरावीत पडली. दहावीपर्यंत मी इंग्रजी शाळेत होते, वर्गात बावीस मुलं. कॉलेजात एकदम शंभर. मी शेवटचा बाक धरला, कारण तिथं कुणी काही विचारत नाही. पहिल्याच आठवड्यात ही आली, ढोकीहून रोज एसटीनं धाराशिवला येणारी, पाठीवरची सॅक पोटाशी घेऊन, आणि म्हणाली, "सरक."

मी सरकले. ती बसली तसा बाक तिच्या बाजूनं किंचित खाली गेला.

"मुकी हायस का?"

"नाही."

"मग?"

तिनं माझ्या वहीत डोकावून बघितलं. मी मराठीच्या तासाच्या नोट्ससुद्धा अर्ध्या इंग्रजीत लिहीत होते.

"आगं बाबो, इंग्रज हाय ही," ती म्हणाली. ते माझं नाव झालं. आजही तिच्या फोनमध्ये मी याच नावानं आहे.

टाइमकीपर मी तिच्यामुळं झाले. बॉक्सिंगच्या सरांना घड्याळ आणि घंटा सांभाळायला माणूस हवं होतं. आधीची मुलगी लढत बघता बघता घंटा विसरायची. राजश्रीनं मला पुढं ढकललं. सरांनी मला दोन-तीन प्रश्न विचारले. माझी एकेका शब्दाची उत्तरं ऐकून ते म्हणाले, "चालंल. ही बोलत नाही, हिचं लक्ष घड्याळावर राहील." मला ते आवडलं. कुणी माझ्या न बोलण्याचा असा उपयोग करून घेईल असं कधी वाटलं नव्हतं.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होत. हॉलच्या मधोमध गाद्या अंथरून चार खांबांना दोऱ्या बांधल्या की रिंग तयार. पलीकडं स्टेज, त्यावर आदल्या लग्नातल्या वधूवरांची थर्माकोलची नावं तशीच चिकटलेली. खुर्च्यांना पांढरे झगे. इलेक्ट्रिक घंटा दोन मिनिटं वाजून जळाली, म्हणून शाळेतली पितळी घंटा लाकडी हातोडीसकट आणलेली. ती माझ्या उजव्या हाताशी असायची. डाव्या हातात स्टॉपवॉच. समोर गुणांचा कागद.

एक मिनिट किती मोठं असतं हे मला तिथं कळलं. तीन मिनिटांची फेरी बघता बघता संपते, पण रिंगमध्ये एकटंच माणूस उभं असलं की साठ सेकंद सरता सरत नाहीत. त्यात एक माणूस शेंगा सोलून खातो, कुणाचं तरी लहान मूल दोरीखालून आत शिरतं, त्याची आई त्याला पायाला धरून ओढते. अकरावीच्या वर्षी मागून कुणीतरी ओरडलं, "पोरी, भिंतीशी खेळ की! भिंत हजर हाय!" हॉल हसला. राजश्रीही हसली असावी. गार्डमुळं कळत नव्हतं. ती हात बांधून, म्हणजे त्या ग्लोव्ह्जनी जेवढे बांधता येतात तेवढे बांधून, माझ्याकडं तोंड करून उभी होती. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेत असेल.

घंटा वाजली, हात वर झाला, दोन माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्यातली एक मी.

त्या वर्षी ती मला ढोकीला घरी घेऊन गेली. वडील साखर कारखान्याला ऊस ओढणारा ट्रॅक्टर चालवत. हंगाम अजून सुरू व्हायचा होता, अंगणात ट्रॅक्टरचं चाक काढून ठेवलेलं होतं आणि ते त्याच्याखाली आडवे झोपून काहीतरी ठोकत होते. पदकं टीव्हीवर ओळीनं लावली होती. तिची आई भाकरी थापत होती. मला पाट देऊन त्यांनी सरळ विषय काढला.

"हे बघ बाळा, हिचे आप्पा काय बोलत न्हाईत, पण मी आधीच सांगून ठेवलंय. तोंडाला एक खूण दिसली ना, त्या दिवशी हे बंद. पोरीचं तोंड हाय, ट्रॅक्टरचं बॉनेट न्हाय."

"आई, मारायला समोर यायलंय कोण?" राजश्री म्हणाली.

"तेच बरं हाय." त्यांनी भाकरी उलटली आणि मला विचारलं, "तू असतीस का तिथं, जवळ?"

"हो मावशी."

"मग तू बघ तेवढं."

मी मान हलवली. माझ्याकडून लोक नेहमी मानच हलवून घेतात, आणि ती हलवली की त्यांना वाटतं, झालं.

या गोष्टीत एक पेच होता, तो मला तेव्हाच दिसत होता. राजश्रीचं बॉक्सिंग चालू होतं, कारण तिला कुणी मारलं नव्हतं. आणि कुणी मारत नव्हतं तोवर ते बॉक्सिंग नव्हतंच. बारावी सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात ती एकटीच सराव करत होती. साखरेच्या पोत्यात माती भरून ते अंगणातल्या कडुलिंबाला टांगलं होतं. पोतं तिच्या ठोशांनी दोनदा फाटलं. एकदा एसटीत ती मला म्हणाली, "औंदा कुणीतरी येऊ दे. कुणीबी. हरले तर हरले."

"आणि आई?"

"आईचं बघता यील. पण मला कळतंच न्हाय गं, मला येतंय का न्हाय. लोक म्हणत्यात अपराजित. पोतंबी अपराजितच हाय की मग, लिंबाला टांगल्यालं."

त्या वर्षी नावांची यादी आली, तेव्हा सरांनी ती आधी तिच्यापुढं धरली. सगळ्यात वरच्या गटात दोन नावं होती. दुसरं शीतल, गाव तामलवाडी. राजश्रीनं यादी स्वतःच्या हातात घेतली, परत दिली, परत घेतली. पुढचा आठवडाभर तिच्या तोंडी दुसरं काही नव्हतं. उंच असंल का? डावरी असंल का? "डावरी असली तर माझी पंचाईत हाय बघ. पोतं डावरं नसतं." तासाला ती वहीच्या मागच्या पानावर रिंगचा चौकोन काढायची आणि त्यात दोन टिंबं. मी पहिल्यांदा तिच्या चौकोनात दोन टिंबं बघत होते.

लढतीचा दिवस कोजागिरीच्या आगेमागे होता. त्या दिवसांत सोलापूर-तुळजापूर रस्ता पायी जाणाऱ्यांचा असतो. माणसांचा लोंढा रात्रंदिवस देवीकडं चाललेला असतो आणि गाड्या वळवतात. तामलवाडी त्याच रस्त्यावर आहे. हे सगळं मला माहीत होतं. यादी बघताना माझ्या ते लक्षातही आलं होतं. मी कुणाला बोलले नाही.

दुपारी वरच्या गटाची वेळ झाली. राजश्री लाल कोपऱ्यातून चढली. निळा कोपरा रिकामा. पहिला पुकारा झाला. दुसरा झाला. तिनं एकदाही दाराकडं बघितलं नाही, जणू बघितलं तर यायची ती मुलगी येणार नाही. तिसऱ्या पुकाऱ्यानंतर मी घंटा दिली आणि घड्याळ सुरू केलं. ती माझ्याकडं तोंड करून उभी राहिली. दार तिच्या पाठीशी, माझ्या समोर. पंचही माझ्याकडंच बघत होते. सर पुढच्या लढतीचा कागद भरत होते. बाहेर हलगी वाजत होती. तुळजापूरला निघालेला जथा कार्यालयासमोरून चालला होता.

चव्वेचाळीसाव्या सेकंदाला दारातला उजेड अडला.

शीतल आत येत होती, खांद्यांनी दार भरलेलं. राजश्रीपेक्षा हातभर उंच. कपाळभर कुंकू. अंगात खेळायचे कपडे, डोक्याला हेडगार्ड बांधलेला, एक ग्लोव्ह घातलेला, दुसरा ती धावता धावता दातांनी ओढत होती. मागून एक बारीकसा माणूस पिशवी सांभाळत येत होता. हलगीमुळं त्यांचा आवाज कुणाला गेला नाही. त्यांना मी एकटीनं बघितलं.

मी त्या हातांकडं बघितलं आणि मग राजश्रीच्या तोंडाकडं. तिच्या तोंडाला तोवर कधी काही झालं नव्हतं. पुढचे पाच सेकंद मी काय विचार केला ते मला नीट सांगता येत नाही. मावशींना दिलेला शब्द आठवला, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. ते खोटं नाही. पण मला भीती वाटली, हे जास्त खरं आहे. आणि बॉक्सिंग बंद झालं तर माझी ती जागा जाईल, टेबलामागची, तिच्या समोरची, हेही त्यात होतं.

एकोणपन्नासाव्या सेकंदाला मी घंटा वाजवली.

पंचांनी राजश्रीचा हात वर केला. तोवर शीतल रिंगपाशी पोचली होती. तिचा एक हात दोरीवर होता.

"आलोय की साहेब!" तिचे वडील ओरडले. "रस्ता बंद हुता, सगळीकडनं माणूस चाललंय, मोटारसायकल ढकलत आणली..."

"आता काय उपयोग?" सर म्हणाले. "वेळ संपली. घड्याळ आहे ना." आणि ते माझ्याकडं वळले. "झालं ना मिनिट?"

सगळा हॉल माझ्याकडं बघत होता. मी घड्याळ शून्यावर आणून ठेवलं होतं. मी मान हलवली. जी मुलगी कधी बोलतच नाही ती खोटं कशी बोलेल, असा सगळ्यांचा हिशेब असतो. कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

कागदावर शीतलच्या नावापुढं मी लिहिलं, गैरहजर. ती माझ्यापासून दहा फुटांवर उभी होती. ग्लोव्ह काढून तिनं पिशवीत टाकला आणि दाराजवळ जाऊन वडिलांना काहीतरी बोलायला लागली, हात करून करून. ते पिशवी छातीशी धरून खाली बघत होते. मला ऐकू आलं नाही. ऐकू यावं असं मला वाटतही नव्हतं.

राजश्री विभागीय स्पर्धेला लातूरला गेली नाही. आधीची तीन वर्षं घरच्यांनीच तिला जिल्ह्याबाहेर सोडलं नव्हतं, त्या वर्षी आप्पा तयार होते. सर चिडले, समजावलं, तिच्या आप्पांना फोन केला. ती एवढंच म्हणाली, "मला बस झालं आता." मलाही तिनं दुसरं काही सांगितलं नाही. लिंबावरचं पोतं काढून आप्पांनी ट्रॅक्टरच्या चाकाखाली टेकण म्हणून ठेवलं. जे बॉक्सिंग वाचावं म्हणून मी घंटा वाजवली, ते त्याच घंटेला संपलं. बारावी झाली, मी पदवीला गेले, ती भरतीच्या मागं लागली. आम्ही भांडलो नाही. फोन कमी होत गेले, एवढंच.

आता ती एसटीत कंडक्टर आहे. धाराशिव-सोलापूर गाडीवर. डेपोत सगळ्यांना माहीत आहे की ही जिल्ह्याची चॅम्पियन होती. गाडीत कुणी पिऊन चढला, आवाज वाढवायला लागला की ड्रायव्हर आरशातून म्हणतो, "भाऊ, जपून. मॅडम आजपर्यंत हरल्या न्हाईत." माणूस तिच्या दंडाकडं बघतो आणि खाली बसतो. अपराजित या शब्दाला मार लागत नाही, फक्त समोरच्यानं तो खरा मानावा लागतो. मला वाटतं, मोठमोठ्या मैदानांत ज्यांची नावं होतात त्यांच्यातही एखाद्या वर्षी असं काही घडलेलं असेल. कुणीतरी रस्त्यात अडकलेलं असेल. तेवढं कागदावर येत नाही.

यंदा मैदानावरच्या त्या दोन घंटा ऐकल्या, त्या दिवशी मीटिंग संपल्यावर मी स्टँडवर गेले. कशाला, ते ठरवलं नव्हतं. राजश्री कंट्रोल रूमच्या बाजूला बाकावर डबा उघडून बसली होती, खाकीत.

"ए इंग्रज! आज हिकडं कुठं? साहेबांनी सोडलं का?"

मी तिच्या शेजारी बसले. तिनं मला भाकरीचा तुकडा दिला, वर शेंगाची चटणी. सोलापूरची गाडी सुटायला पंधरा मिनिटं होती. मी पाच मिनिटं भाकरी खाल्ली. मग म्हणाले, "बारावीत ती शेवटची घंटा... मी आधी वाजवली होती."

"माहीत हाय," ती म्हणाली आणि कांदा फोडला.

"काय माहीत आहे?"

"एकोणपन्नासला वाजवलीस."

मला ठसका लागला. तिनं बाटली पुढं केली.

"अगं, चार वर्षं म्या दुसरं केलंय काय तिथं? मोजायचेच की. ग्लोव्ह घालून दुसरं करता तरी काय येतंय!"

तेव्हा मला कळलं, तिचे ओठ कशासाठी हलायचे.

"मग बोलली का नाहीस?"

"सगळ्यांपुढं तुला खोटं पाडू?" तिनं घास गिळला. "आन् खरं सांगू का? घंटा वाजली तवा बरं वाटलं. मागं वळून ती पोरगी बघितली तवा तर लईच बरं वाटलं. कसली थोराड हुती! घरी गेले, पदक टीव्हीवर ठेवलं, आन् मग लाज वाटाय लागली. ते घेऊन लातूरला कुठल्या तोंडानं जायचं?"

"सॉरी," मी म्हणाले. ऐनवेळी मला तोच शब्द येतो.

"मला कशाला? माझं काय गेलं? म्या तर जिंकले." तिनं डब्याचं झाकण लावलं आणि माझ्याकडं बघितलं. "हरली ती. तिला सांगितलंस का?"

सहा वर्षं मी या गोष्टीला दोन माणसं धरून चालले होते. मी आणि राजश्री. तिनं मला माफ करावं की करू नये, एवढाच प्रश्न मी मनात वळवून वळवून बघितला होता. दोरीवर हात ठेवून उभी असलेली तिसरी मुलगी मला रोज दिसायची, आणि तरी तिचं काही मी धरलंच नव्हतं. माझ्या लेखी ती गैरहजर होती.

"ती कुठं असते, मला काय माहीत?"

"मला हाय की माहीत. तामलवाडीला स्टँडसमोर गिरणी हाय त्यांची, दळणाची. माझी गाडी थांबली की पाणी आणून देती. वर्ष झालं, मैतरीण झालीय."

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"म्या का सांगू? घंटा तुझ्या हातात हुती." तिनं फोन काढला होता. मी नको म्हणायच्या आत पलीकडं वाजायला लागला. "हां शीतल! आगं माझी मैतरीण बोलणार हाय तुझ्याशी. आता बोलती." आणि फोन माझ्या हातात.

मला फोनवर बोलता येत नाही. गॅसची टाकी सांगायला मी भावाला पुढं करते. पलीकडं गिरणीची घरघर चालली होती.

"हां, कोण?"

मी नाव सांगितलं.

"मोठ्यानं बोला! गिरणी चालू हाय!"

"ती... घंटा माझ्याकडं होती. स्पर्धेत."

"कसली घंटा? देवळाची?"

"बॉक्सिंगची!" मी म्हणाले. शेजारच्या बाकावरच्या बाई बघायला लागल्या. राजश्री समोर बघत होती, फलाटावरच्या गाड्यांकडं. "बारावीला तुम्ही राजश्रीशी खेळायला आला होता. मी टाइमकीपर होते. मी घंटा आधी वाजवली. तुम्हाला बघितलं होतं, तरी वाजवली!"

एवढं लांब वाक्य मी इतक्या मोठ्यानं आयुष्यात बोलले नव्हते. स्टँडवर अर्धी माणसं वळली. पलीकडं खटका पडल्याचा आवाज आला, मग गिरणी हळू होत होत थांबली.

"किती ऱ्हायले हुते?" शीतलनं विचारलं. आता तिचा आवाज अगदी जवळ होता.

"अकरा सेकंद."

"अकरा." ती म्हणाली. "दोरीला हात लावला हुता म्या."

"हो. मी बघितलं."

ती रागवेल, शिव्या देईल, फोन ठेवेल, या सगळ्याची मी वाट बघितली. तिनं त्यातलं काही केलं नाही.

"अण्णा तुळजापुरात थांबले हुते," ती म्हणाली. "कळसाला हात जोडायला. म्हणले, लेक पहिल्यांदा खेळाय चाललीय, देवीच्या दारावरनं तसंच कसं जावं. दोन मिनिटं थांबले आसतील. त्या दोन मिनिटांवरनं म्या सहा वर्षं बोलतेय त्यांना. भांडण कशाचं बी आसू दे, दळणाचं आसू दे, लाइट बिलाचं आसू दे, शेवट तिथंच यायचा. तुमच्यामुळं गेली माझी लढत. ते एकदा बी उलटून बोलले न्हाईत. आन् परत कधी तुळजापुरात थांबले बी न्हाईत."

कंट्रोल रूममधून सोलापूर गाडीचा फलाट पुकारला. राजश्री उठली, पैशाची बॅग खांद्याला लावली, तिकिटाचं मशीन हातात घेतलं. फोन मात्र तिनं मागितला नाही. ड्रायव्हरनं लांबून हात केला, तर त्याला तिनं तिथूनच थांबायची खूण केली.

"हितंच बसल्यात अण्णा," शीतल म्हणाली. "देते. त्यास्नी सांगा. पण जोरात सांगा, गिरणीनं कान गेल्यात त्यांचं."

फोन हातातून हातात गेल्याची खसखस झाली. मग एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, "हां, कोण बोलतंय?"

मी उभी राहिले.

"अण्णा," मी म्हणाले, "तुम्ही वेळेत पोचला होता."

"काय?"

मी पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्यानं.